डांबर गोळी पेटीत ठेवायची, घरात नाही

इंदूरच्या किराणा दुकानात 'डांबर गोळी' मागितली तर दुकानदार क्षणभर बघत राहतो. 'फिनाइल की गोली' म्हटलं की लगेच पुडी समोर येते. फिनाइल म्हणजे फरशी पुसायचं, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं द्रव. त्याचा आणि या गोळीचा काही संबंध नाही. डांबराचा मात्र आहे. दगडी कोळशापासून कोक करताना जे डांबर सुटतं त्यातून नॅफ्थलीन वेगळं काढतात, आणि मूळची गोळी त्याचीच असते. भिलाईसारख्या पोलाद कारखान्यांत ते कोक भट्ट्यांचं उपउत्पादन म्हणून निघतं. तेव्हा आपल्या घरातलं मराठी नाव जास्त बरोबर आहे, एवढं समाधान मानायला हरकत नाही.

अडचण अशी की हल्ली त्या पुडीत नॅफ्थलीनच असेल असं नाही. आणि ज्या कामासाठी आपण ती आणतो, त्यातली निम्मी कामं ती करतच नाही. मोरीत झुरळं नकोत म्हणून, कपाटात वास चांगला यावा म्हणून, माळ्यावर उंदीर येऊ नयेत म्हणून आणि बागेत साप येऊ नये म्हणूनसुद्धा गोळ्या टाकल्या जातात. यातल्या एकाही जागी ती उपयोगाची नाही. तिचं काम एकच: घट्ट बंद पेटीत लोकर आणि रेशीम खाणाऱ्या किड्याच्या अळ्या मारणं.

कसर नेमकी कोणाची?

'शालीला कसर लागली' असं आपण म्हणतो, 'पुस्तकाला कसर लागली' असंही म्हणतो. शब्द एक, पण प्राणी निदान तीन. उपाय वेगवेगळे असल्यामुळे आधी ते ओळखावे लागतात.

पहिला कपड्यांचा पतंग. फिकट गव्हाळ रंगाचा, जेमतेम पाऊण सेंटिमीटर लांब. हा दिव्याभोवती फिरत नाही, उलट उजेड दिसला की घडीत शिरतो. त्यामुळे पावसाळ्यात ट्यूबलाइटवर जे घोंगावतात त्यांना दोष देऊ नका, ते वेगळे. शिवाय मोठा झालेला पतंग काही खातच नाही, खाते ती त्याची अळी. मादी लोकरीच्या घडीत चाळीस-पन्नास अंडी घालते, त्यातून निघालेली पांढुरकी अळी धागे कुरतडते आणि स्वेटरला वेड्यावाकड्या कडांची भोकं पडतात. एका जातीची अळी तर त्याच लोकरीच्या तुकड्यांची नळी विणून अंगावर घेऊन फिरते.

दुसरा गालिच्याचा भुंगा. तीळाएवढा, ठिपकेदार, बराचसा गोल. याची अळी तपकिरी आणि केसाळ असते. ती कात टाकत जाते, म्हणून पेटीच्या कोपऱ्यात पोकळ, केसाळ टरफलं सापडली तर ही स्वारी येऊन गेली असं समजायचं.

तिसरी सिल्व्हरफिश, म्हणजे ती चंदेरी, माशासारख्या आकाराची, जुनी वही उघडली की सर्रकन पळणारी. हिला लोकरीचं फारसं आकर्षण नाही. तिला हवी खळ, डिंक, कागद आणि ओल. स्टार्च केलेल्या सुती साडीवर ओरखडल्यासारखे पातळ डाग पडले तर काम हिचं.

पहिल्या दोघांना प्राण्यांपासून आलेलं सूत लागतं: लोकर, रेशीम, केस, पीस. शुद्ध सुती किंवा पॉलिएस्टर कापड ते खात नाहीत, फक्त त्यावर घामाचे किंवा अन्नाचे डाग असतील किंवा सुतात लोकर मिसळलेली असेल तर तेवढा भाग कुरतडतात. म्हणजे चादरी, सुती साड्या, मुलांची झबली, शाळेचे गणवेश यांच्यात डांबर गोळी ठेवायचं काही कारणच नाही. महेश्वरीचं मात्र वेगळं आहे. पारंपरिक महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, त्यामुळे ती दिसायला सुतासारखी हलकी असली तरी अर्धी रेशीमच. तिला पैठणीच्या रांगेत बसवायची.

वाफ आणि झाकण

नॅफ्थलीन वितळून उडत नाही. कापरासारखं ते घनरूपातून सरळ वाफेत जातं, म्हणून गोळी ओली न होता बारीक बारीक होत संपते. ही वाफच किड्याला मारते. गोळीला पाहून किंवा वासाला घाबरून कोणी पळत नाही. अळी ज्या हवेत आहे त्या हवेत वाफ पुरेशी दाट झाली आणि कित्येक दिवस तशीच राहिली, तरच अळी मरते.

आता एक छोटा हिशेब. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पत्र्याची पेटी घ्या. आतली जागा पावणेसात घनफूट, म्हणजे सुमारे 0.19 घनमीटर. 25 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत नॅफ्थलीनची वाफ जास्तीत जास्त 0.6 ग्रॅमच्या आसपास मावते. त्यापुढे हवा वाफ घेतच नाही. या हिशेबानं पेटीतली हवा भरून टाकायला लागतं एक दशांश ग्रॅमच्या आसपास नॅफ्थलीन. दोन सेंटिमीटर व्यासाची एक गोळी पावणेपाच ग्रॅमची असते.

मग पाकिटावर एवढ्या गोळ्या घालायला का सांगतात? काही वाफ कपडे शोषून घेतात, पण बरीचशी फटींतून बाहेर जाते आणि ती भरून काढायला साठा लागतो. म्हणजे गोळ्यांची संख्या वाढवली की पेटीतली वाफ दाट होते हा समज खरा नाही. दोन टाकल्या काय नि वीस टाकल्या काय, बंद पेटीतली दाटी तेवढीच राहते. वाढते ती फक्त किती दिवस पुरेल ती मुदत. फटी बुजवल्या की थोड्या गोळ्यांत काम होतं. आणि फटी तशाच ठेवल्या तर पुडीभर गोळ्या पेटीतून निघून आपल्या झोपायच्या खोलीत येतात, हळूहळू, सहा महिने.

लाकडी कपाटाच्या दोन दारांमधली फट डोळ्यांनी दिसते. तिथे वाफ कधीच दाटत नाही. त्यामुळे नेहमी उघडबंद होणाऱ्या कपाटात टांगलेली गोळी अळीला मारत नाही, घरच्यांना मात्र रोज थोडी थोडी हुंगवते. खोलीत वास येतोय याचा सरळ अर्थ खोलीतली माणसं ती वाफ श्वासात घेत आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2002 मध्ये नॅफ्थलीनला 'माणसांत कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता' असलेल्या 2बी गटात टाकलं आहे. एखाद्या दिवशी वास आला म्हणून घाबरण्याचं कारण नाही, पण वर्षानुवर्षं उशाशी असलेल्या कपाटात गोळ्या ठेवण्याचं समर्थनही करता येत नाही. युरोपीय संघात तर नॅफ्थलीनच्या गोळ्या 2008 पासून बंदच आहेत.

उन्हाळ्याचाही विचार करा. 25 अंशांच्या मानानं 40 अंशांना नॅफ्थलीनची वाफ तीन-चार पट होते. मे महिन्यात इंदूरला पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. फाल्गुनात ठेवलेल्या गोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी संपलेल्या दिसतात त्या यामुळे. पेटी माळ्याऐवजी खालच्या थंड खोलीत ठेवली, पण जिथे कोणी झोपत नाही अशा, तर त्याच गोळ्या बऱ्याच जास्त टिकतात.

पुडीत नक्की काय आहे ते मिठाच्या पाण्यात कळतं

बाजारात तीन पांढरे पदार्थ गोळ्या-वड्यांच्या रूपात मिळतात: नॅफ्थलीन, पॅराडायक्लोरोबेंझीन आणि कापूर. मधलं लांबलचक नाव यापुढे 'पॅरा' म्हणू. संडास-बेसिनमध्ये टाकायच्या रंगीत, सुवासिक वड्या बऱ्याचदा पॅराच्या असतात. पॅरा नॅफ्थलीनच्या वीसेक पट सहज उडतं. काम लवकर करतं, संपतंही लवकर, आणि घरात पसरलं तर नाकात जाणारं प्रमाणही तितकंच जास्त. 2बी गटात तेही आहे.

सुट्या गोळ्यांवर नाव नसतं. वास घेऊन ओळखायला जाऊ नका. दोन काचेचे पेले घ्या, जे नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत असे. एकात साधं पाणी. दुसऱ्यात अर्धा कप, म्हणजे सुमारे 120 मिलिलिटर कोमट पाणी आणि त्यात मीठ: मोठे तीन चमचे, शीग लावून. ढवळत राहा. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलं पाहिजे, नाहीतर पाणी पुरेसं जड झालेलं नाही. पाणी थंड होऊ द्या.

आता चिमट्यानं एक गोळी साध्या पाण्यात सोडा. तरंगली तर कापूर, पुढे काही करायची गरज नाही. बुडाली तर बाहेर काढून पुसा आणि खारट पाण्यात टाका. तिथे वर आली तर नॅफ्थलीन, तिथेही तळाला गेली तर पॅरा. कारण निव्वळ वजनाचं आहे. पाण्याची घनता 1 धरली तर कापूर 0.99, नॅफ्थलीन 1.15 च्या आसपास, मिठानं भरलेलं पाणी 1.2 आणि पॅरा 1.25. गोळीला हवेचे बुडबुडे चिकटले तर ती उगाच तरंगते, म्हणून सोडल्यावर चमच्यानं एकदा बुडवून बघायची. हात साबणानं धुवायचे हे सांगायला नको.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. दोन कारणं आहेत. गोळी कोणी गिळली तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो की कसली. आणि दुसरं म्हणजे नॅफ्थलीन, पॅरा आणि कापूर एकत्र ठेवायचे नसतात. मागच्या वर्षीच्या उरलेल्या नॅफ्थलीनच्या गोळ्या आणि यंदाच्या पॅराच्या वड्या एकाच पुरचुंडीत बांधल्या तर दोन्ही घन पदार्थ मिळून त्यांचा वितळबिंदू खाली येतो आणि उन्हाळ्यात पुरचुंडीतून तेलकट पाणी झिरपतं. वेगवेगळे ठेवले तर नॅफ्थलीन 80 अंशांना वितळतं, पॅरा 53 ला. एकत्र आले की त्याच्या कितीतरी खाली. शालीवर पडलेला तो डाग मग साबणानं जात नाही.

पेटी भरण्याची रीत

इंदुरात लोकरीचे कपडे आत जायचा मुहूर्त साधारण ठरलेला आहे, रंगपंचमीची मिरवणूक, 'गेर', निघून गेली की. म्हणजे रंगपंचमीनंतरचा आठवडा. हवा कोरडी, ऊन कडक, यापेक्षा चांगली वेळ नाही.

खरं काम गोळीच्या आधीचं आहे. अळीला नुसती लोकर पुरत नाही, वाढायला घाम, तेल, सांडलेला चहा यांतली पोषकद्रव्यं लागतात. म्हणून स्वच्छ धुतलेल्या स्वेटरला कसर लागायची शक्यता मळक्या स्वेटरपेक्षा पुष्कळ कमी. कॉलर, काखा आणि मनगट ह्या तीन जागा नीट बघा. 'एकदाच तर घातलाय' म्हणून न धुता ठेवलेला कोटच नेमका खाल्ला जातो.

धुतल्यावर दिवसभर कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी. मग शिवणींच्या आतून, खिशांतून आणि कॉलरखाली ब्रश फिरवायचा. ब्रशनं बरीचशी अंडी पडतात. रेशमाला आणि जरीला मात्र थेट ऊन नको, रंग उडतो. त्या साड्या सावलीत, वाऱ्यावर, घडी मोडून. घरात डीप फ्रीझर असेल तर आणखी एक पक्का उपाय आहे: कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा आणि उणे 18 अंशांत आठवडाभर ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं. खोलीच्या तापमानाला आली की मग उघडायची. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा या कामाला पुरत नाही.

पेटी रिकामी करून कोपरे आणि बिजागऱ्यांच्या खाचा व्हॅक्यूमनं किंवा कोरड्या ब्रशनं साफ करा. तळाला जुनी वर्तमानपत्रं नकोत, शाई लागते आणि कागदाला तिसरी पाहुणी येते. धुतलेलं जुनं पांढरं सुती कापड अंथरा. सगळ्यांत खाली जड ब्लँकेट, वर स्वेटर, सगळ्यांत वर शाली. दाबून ठासू नका, वाफेला घड्यांमधून खाली उतरायला वाट हवी.

गोळ्या सगळ्यांत वर. नॅफ्थलीनची वाफ हवेच्या चौपटीहून जड असते, ती खाली उतरते. तळाला ठेवल्या तर तळातच साचते आणि वरच्या शालीला कसर लागते, नेमकी महागाच्या शालीला. मलमलीच्या किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधायची, तिच्याखाली एक जाड कापडाची घडी. गोळी थेट कापडाला किंवा जरीला टेकली तर डाग राहू शकतो. प्लास्टिकची बटणं, टिकल्या आणि हँगरही तिच्यापासून दूर ठेवा. काही प्रकारचं प्लास्टिक नॅफ्थलीन आणि पॅरा या दोन्हींनी मऊ होऊन चिकट बनतं आणि बटणाचा आकार कायमचा कापडावर उमटतो.

किती गोळ्या, हे पाकिटावर जागेच्या मापानुसार लिहिलेलं असतं. तीच वरची मर्यादा धरा. ज्या पाकिटावर पदार्थाचं नावही नाही आणि प्रमाणही नाही ते घरात आणू नका. झाकण लावलं की कडेनं सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी फिरवा. कुलपाच्या कडीजवळचं भोक विसरतं, तिथेही. पट्टीवर तारीख आणि 'नॅफ्थलीन' असं लिहून ठेवा. चार दिवसांनी पेटीपाशी वास येत असेल तर गोळ्या जास्त नाहीत, पट्टी नीट लागलेली नाही.

पावसाच्या दिवशी पेटी भरायची नाही हेही इथेच सांगून टाकू. कपड्यातली ओल आत कोंडली की बुरशी येते, आणि बुरशीवर डांबर गोळीचा भरवसा धरायचा नाही.

पेटी उघडताना

गच्चीत किंवा अंगणात उघडा. झाकण उचलून तोंड आत घालायची सवय असते, ती वाफ पहिल्या मिनिटाला सगळ्यांत दाट. झाकण उघडं टाकून अर्धा तास लांब जा. मग कपडे दोरीवर, दोन दिवस, वाऱ्यात. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे नुसतं धुऊन वास जात नाही. तो उडूनच जावा लागतो. आधी वारा, मग धुणं. वारा दाखवायच्या आधी गरम इस्त्री फिरवली तर सगळी वाफ इस्त्री करणाऱ्याच्या नाकात.

भाद्रपदात ज्येष्ठागौरींसाठी, इंदूरकरांच्या महालक्ष्म्यांसाठी, पेटीतल्या जरीच्या साड्या निघतात. त्या वेळी हवा ओली असते आणि वास लवकर उडत नाही. म्हणून या साड्यांना गोळ्यांच्या पेटीत घालूच नये असं आमचं मत आहे. मऊ मलमलीत गुंडाळून, दर तीन महिन्यांनी घडी बदलून, पुरचुंडीत वेखंडाचा तुकडा किंवा लवंगा. खरं सांगायचं तर वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला अळी मारतोच असं नाही. त्यांच्या निमित्तानं साडी दर तीन महिन्यांनी उघडली जाते, झटकली जाते, उजेड बघते, आणि पतंगाला नेमकं तेच नको असतं.

इथे ठेवायच्याच नाहीत

धान्याजवळ तर अजिबात नाही. चैत्रात वर्षभराचे गहू भरून ठेवणाऱ्या घरांत कोठीत किंवा कोठीच्या खोलीत गोळ्या टाकायचा मोह होतो. ही वाफ तेलकट आणि स्निग्ध पदार्थांत लगेच मुरते, तूप, लोणी, शेंगदाणे, डाळं, पापड सगळ्यांत. ती धुऊन निघत नाही. गव्हाला ऊन द्या, एरंडेल चोळा, कोरड्या कोठीत भरा. आणि धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या टिकड्या, ज्यांना लोक 'सल्फास' म्हणतात, त्या तर घरात कुठेच नकोत. त्यांचा वायू झोपेत माणसं मारतो. दोन्ही वस्तू एकाच दुकानात, एकाच 'कीड की गोली' या नावानं मागितल्या जातात, म्हणून हा उल्लेख.

ढेकणांसाठी गादीखाली गोळ्या, हा दुसरा मोठा घोटाळा. गादी बंद पेटी नाही, ढेकूण मरत नाहीत, आणि वर माणूस आठ तास झोपतो. झुरळांना जेलचे ठिपके, मुंग्यांना आमिष, उंदरांना पिंजरा. पाल, साप आणि खार यांच्यावर डांबर गोळीचा परिणाम होत नाही. बागेत टाकलेली गोळी माती नासवते आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडात जाते.

बेसिनच्या जाळीवर ठेवलेली गोळी हा आपल्याकडचा राष्ट्रीय रिवाज आहे. नळीतून झुरळं यायची थांबत नाहीत, कारण नळीत वाफ दाटतच नाही. दुर्गंध झाकला जातो, इतकंच. पण ती गोळी लहान मुलाच्या नजरेला पडते आणि दिसते हुबेहूब साखरफुटाण्यासारखी. देवासमोरच्या वाटीतला साखरफुटाणा कालच त्यानं खाल्लेला असतो.

बाळाचे कपडे

या लेखातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. घरात बाळ येणार म्हटलं की पेटीतून जुनी मऊ दुपटी, आजीच्या सुती साडीची गोधडी, मोठ्या भावंडाची झबली बाहेर निघतात. 'नवं खरखरीत नको, जुनं मऊ घाला' हा सल्ला उत्तम. पण ते डांबर गोळ्यांच्या पेटीतलं असेल तर नाही. नुसता वास आला आणि गेला असं इथे होत नाही. कापडात मुरलेलं नॅफ्थलीन बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जातं, आणि अंगाला तेल लावलेलं असेल तर त्वचेतून आणखी सहज. आपल्याकडे तर मालिश रोजची.

शरीरात गेल्यावर नॅफ्थलीनपासून जे पदार्थ तयार होतात ते तांबड्या रक्तपेशींवर हल्ला करतात. पेशींचं रक्षण करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, जी6पीडी नावाचं. काही जणांत ते जन्मतःच कमी असतं. मुलग्यांना हा दोष आईकडून येतो आणि त्यांच्यातच तो जास्त दिसतो. एरवी असा माणूस ठणठणीत असतो, घरात कोणाला पत्ताही नसतो. नॅफ्थलीनचा संपर्क आला की त्याच्या पेशी भराभर फुटतात. मोठ्या माणसात कावीळ आणि अशक्तपणा येतो. नवजात बाळात मात्र कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला कायमची इजा होते. गोळ्यांच्या पेटीतल्या दुपट्यांमुळे असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दोष नसलेली नवजात बाळंही हे विष मोठ्यांसारखं निपटू शकत नाहीत.

उपाय सोपा आहे. बाळाचे कपडे सुती असतात, सुताला कसरीची भीती नाही, म्हणून ते गोळ्यांच्या पेटीत ठेवायचेच नाहीत. आणि आधीच ठेवलेले असतील तर ते बाळाला वापरायचे नाहीत. दहा वेळा धुऊन वापरू, असाही हिशेब नको. गरोदर स्त्री, तान्हं बाळ किंवा जी6पीडीची कमतरता असलेलं कोणी घरात असेल तर गोळ्या घरातच नकोत. ही कमतरता रक्ताच्या तपासणीत कळते. मलेरियाच्या प्रायमाक्विन या औषधापूर्वीही तीच तपासणी करतात, त्यामुळे कोणाचा जुना अहवाल असेल तर तो बघून घ्या.

मुलानं गोळी गिळली तर

उलटी करवू नका. दूध, तूप, तेलकट काही देऊ नका. 'विष उतरायला दूध' हा घरगुती उपाय इथे उलटा पडतो, कारण नॅफ्थलीन स्निग्ध पदार्थात विरघळतं आणि आतड्यातून जास्त वेगानं रक्तात जातं. तोंडातले तुकडे बोटाला कापड गुंडाळून काढा, चूळ भरवा, आणि उरलेली गोळी किंवा पाकीट बरोबर घेऊन लगेच दवाखान्यात. 108 ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक 1800-116-117 आहे.

मूल खेळतंय, हसतंय म्हणून थांबू नका. नॅफ्थलीनमुळे पेशी फुटण्याचा परिणाम बऱ्याचदा एक ते तीन दिवसांनी दिसतो: चेहरा पांढरा पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते, मूल झोपाळू होतं. डॉक्टरांनी घरी सोडलं तरी तीन-चार दिवस लघवीचा रंग रोज बघायचा. लहान मुलाला एक गोळीसुद्धा धोक्याची असू शकते. कापराचं उलट: तो गिळला तर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. म्हणूनच मिठाच्या पाण्याची ती परीक्षा आणि पेटीवरचं ते नाव.

मोठ्या माणसाला वाफेनं डोकं दुखलं, मळमळलं, डोळे चुरचुरले तर बाहेर मोकळ्या हवेत यावं आणि खिडक्या उघडाव्यात. तासाभरात बरं वाटलं नाही तर डॉक्टर.

उरलेल्या गोळ्यांचं काय

संडासात टाकू नका, ती पाण्यात विरघळत नाही आणि पुढे नाल्यात जाते. होळीत किंवा कचऱ्याबरोबर जाळू नका, काळाकुट्ट धूर होतो. चांगल्या असतील तर झाकण घट्ट लागणाऱ्या काचेच्या बरणीत, नाव लिहून, कुलुपात. लोणच्याची किंवा पेपरमिंटची रिकामी बरणी नको, तिला बघून कोणीतरी उघडणारच. टाकायच्याच असतील तर दोन पिशव्यांत बांधा आणि सकाळी कचरागाडी आली की 'घरेलू हानिकारक' कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या, संपलेली सेल आणि मुदत उलटलेली औषधं जातात तिथे. पिशवीत काय आहे ते गाडीवरच्या माणसाला सांगून. तो पिशवी हातानं उघडून बघतो.